चढ, उतार आणि पाणी : विट्याच्या मुलखातून सायकलने

प्रवासाच्या तऱ्हा अनेक आहेत. पायी जाणाऱ्याला रस्ता दिसतो, पण मुलूख दिसत नाही. दिवसभरात तो बिचारा जाणार तो किती! मोटारीतून जाणाऱ्याला मुलूख दिसतो, पण रस्ता दिसत नाही; गाव आले कधी आणि मागे पडले कधी, याचा त्याला पत्ता नसतो. या दोहोंच्या मधली एक तऱ्हा आहे, आणि ती म्हणजे सायकल. दिवसाकाठी तीसचाळीस मैल सहज होतात, आणि तरी वाटेतल्या पारावरच्या म्हाताऱ्याने हाक मारली तर ती ऐकू येते, पाय टेकून थांबता येते.

पण सायकलीचा खरा गुण याहून निराळा आहे. सायकलस्वाराला चढ कळतो. मोटारीला चढ कळतो तो तिच्या यंत्राला. आत बसलेल्या माणसाला त्याची वार्ताही नसते. सायकलवाल्याला मात्र जमीन हाताच्या तळव्याएवढी जरी उचलली, तरी मांड्या ताबडतोब सांगतात. आणि वाचकहो, चढ कळला की पाणी कळते. कुठला ओढा कुठे जाणार, कुठल्या गावाच्या वाट्याला पाणी येणार आणि कुठल्या गावाच्या वाट्याला नुसता मुरूम, हे सारे चढउतारावर ठरते. ज्या मुलखात पाऊस कमी, तिथे पाणी कळले की इतिहास कळतो. विट्याच्या भोवतालचा मुलूख असा आहे. म्हणून तो सायकलवरून पाहावा, असे माझे सांगणे आहे.

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठाणे. नाव खानापूरचे आणि कचेरी विट्याला, अशी ही गंमत. हा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, त्यात तो गेला. आणि १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. पण ही झाली कागदावरची सरहद्द. जमिनीवरची सरहद्द फार जुनी आहे. विट्याच्या पश्चिमेला येरळा नदी वाहते. ती खटावच्या डोंगरात उगम पावते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. पूर्वेला खानापूरचे पठार आहे. या पठाराच्या अंगावर अग्रणी उगम पावते आणि दक्षिणेकडे तासगाव, कवठेमहांकाळच्या बाजूने उतरत पुढे कर्नाटकात कृष्णेला जाऊन मिळते. आणि पठाराच्या पलीकडच्या, आटपाडीच्या अंगाला पडलेले पाणी माण नदीकडे जाते, माणेतून भीमेला जाते. म्हणजे पाहा, एकाच टेकाडावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब. एक कृष्णेच्या वाटेला लागतो, दुसरा भीमेच्या. त्यांची पुन्हा गाठ पडते ती थेट रायचूरजवळ, भीमा कृष्णेला मिळते तेव्हा. अशा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेल्या गावाला ‘आमच्या गावचं पाणी’ म्हणायला काही उरतच नाही. सगळे पाणी दुसऱ्याकडे जायला निघालेले! या एका गोष्टीवर इथल्या माणसांनी काय काय तोडगे काढले, तोच या मुलखाचा इतिहास.

मात्र निघण्यापूर्वी आपल्या वाहनाची थोडी चौकशी करू. या वाहनाचाही इथल्या मातीशी संबंध आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजच्या सायकलची बांधणी इंग्लंडात १८८५ च्या सुमारास रूढ झाली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच १८८८ साली बेळगावात सायकलींचे एक दुकान निघाले. दुकान किर्लोस्कर बंधूंचे. धाकटे लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक. ते मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत, आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल घेणाऱ्याला ती चालवायला शिकवण्याचीही सोय होती, अर्थात फी देऊन. पुढे लक्ष्मणरावांची मुंबईतली बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकल दुरुस्त करता करता लोखंडाशी हात बसला, आणि त्यातून चाराकापणीची यंत्रे व लोखंडी नांगर निघाले. लोखंडाच्या नांगराने जमीन विषारी होते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्याची समजूत. तिला तोंड देत हा उद्योग उभा राहिला.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला, सापांनी गजबजलेला माळ त्यांना मिळाला. त्या माळाचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले, आणि स्टेशनचेही नाव बदलले. तात्पर्य काय, की विट्याहून खाली उतरल्यावर ज्या कारखान्याची धुराडी आपल्या मुलखाने पाहिली, त्या कारखान्याचे मूळ एका सायकलच्या दुकानात आहे.

सायकलवरून लांबचा प्रवास करण्याची हौसही आपल्याकडे नवी नव्हे. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि १९२८ साली ते परत आले. एवढ्या मोठ्या पराक्रमापुढे आपली विट्याची फेरी म्हणजे अंगणातली येरझार. पण अंगण तरी आपण कुठे नीट पाहिलेले असते?

खेड्यात सायकल आली ती मात्र हौसेसाठी नव्हे. ती आली दूध घालायला, शाळामास्तरला परगावच्या शाळेत जायला, तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालायला, आणि पुढे पुढे जावयाला लग्नात द्यायला. तासावर भाड्याने सायकली देणारी दुकाने गावोगाव होती. पोरे मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकली आणि गुडघे फोडून घेऊन घरी आली. गावात नगरपालिकेचा सायकलकराचा बिल्ला लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले तर पोलीस हटकत. ते दिवस गेले; मोटारसायकली आल्या, सायकल कोपऱ्यात गेली. आता शहरातले लोक गिअरच्या सायकली घेऊन ती पुन्हा बाहेर काढू लागले आहेत, ही बरी गोष्ट आहे.

तर आता निघू या. दिवस निवडायचे ते दिवाळीनंतरचे, होळीपूर्वीचे. ऊन सोसवते, सकाळी गुलाबी थंडी असते आणि वाटेत द्राक्षांचा हंगाम भेटतो. बरोबर दोन जादा ट्यूबा, हवेचा पंप, पंक्चर काढायचे सामान आणि भरपूर पाणी. पंक्चरच्या बाबतीत या मुलखाची ख्याती आहे. बाभळीचा काटा तर आहेच, पण त्याहून वाईट तो सराटा. मातीत दिसत नाही आणि टायर सोडत नाही. सायकल झाडाखाली कधी लावू नये, आणि माळावर बांधाच्या कडेने कधी घालू नये, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे.

पहिला दिवस चढणीचा. विट्याहून पूर्वेला खानापूरच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात रेणावीचा घाट येतो. इथे रेवणसिद्धाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. नाथपंथी लोक त्याला नवनाथांतला रेवणनाथ म्हणून पूजतात. वीरशैव लोक रेवणसिद्ध या नावाने त्याच्याकडे आपले आचार्य म्हणून पाहतात. मराठी मुलूख आणि कानडी मुलूख इथे एकमेकांत किती मिसळले आहेत, हे सांगायला या देवळाइतका चांगला साक्षीदार नाही. दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत लागते. देवाची पालखी म्हणजे संथपणे चालायची, ही आपली कल्पना. इथे पालख्या खांद्यावर घेऊन माणसे पळतात, आणि ती पाहायला गावोगावचे लोक लोटतात.

घाट चढून वर आलात की मागे वळून पाहा. विटा खाली राहिले, येरळेचे खोरे खाली राहिले. पुढे नजर जाईल तिथवर उघडा माळ, काळा खडक, त्यावर मुरमाचा पातळ थर. या मातीत ज्वारी-बाजरीचे पीक पावसाच्या मर्जीवर. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनचे हे कोरडे तालुके होरपळून निघाले. त्यानंतर लहानमोठे दुष्काळ येतच राहिले, आणि १९७२ चा दुष्काळ तर आजही लोकांच्या तोंडी आहे. मग माणसाने काय करावे? एक तर घर सोडावे. इथली माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली. आणि दुसरी एक वाट त्यांनी धरली, ती फारच अजब आहे. ती म्हणजे सोने-चांदी गाळण्याची.

खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतले हजारो लोक हिंदुस्थानभर गलाईचा धंदा करतात. जुना दागिना घ्यायचा, तो आटवायचा, तेजाबात घालून त्यातली चांदी-तांबे वेगळे करायचे आणि शुद्ध सोने पेढीवाल्याच्या हाती द्यायचे, असे हे काम. धुराचे, आचेचे आणि मोठ्या विश्वासाचे. दुसऱ्याचे सोने हातात असते, आणि दुकानदार तर परमुलखातला! केरळ म्हणू नका, तामिळनाडू म्हणू नका, बंगाल-पंजाब म्हणू नका. सराफकट्टा असेल तिथे विट्याकडचा गलाईवाला भेटायचा. ज्या गावात घोटभर पाण्याची मारामार, त्या गावचा मुलगा कोइमतुरात सोन्याचा कस लावीत बसलेला असतो. गावात मात्र त्याचे घर वर्षातले बहुतेक दिवस कुलपात. यात्रेला तो येतो, देवळाच्या बांधकामाला वर्गणी देतो आणि परत जातो. सायकलवरून जाताना अशी चांगली बांधलेली, बंद घरे मोजत चला. दुष्काळाचा इतिहास त्या कुलपांत लिहिलेला आहे.

खानापूरच्याही पूर्वेला, जिल्ह्याच्या टोकाशी बाणूरगड आहे. त्याचे इतिहासातले नाव भूपाळगड. १६७९ साली या गडाने एक कठीण प्रसंग पाहिला. युवराज संभाजीराजे तेव्हा दिलेरखानाच्या गोटात होते, आणि त्यांना बरोबर घेऊन खान या गडावर चालून आला. गड पडला. जे लोक हाती लागले त्यांपैकी सातशे जणांचे एकेक हात तोडण्यात आले, असे इतिहासकार नमूद करतात. पुढे संभाजीराजे त्याच वर्षी खानाची छावणी सोडून परत स्वराज्यात आले. गडावर बहिर्जी नाईकांची म्हणून मानली जाणारी समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या या हेराचे नाव घेतले की या भागातल्या माणसाची छाती अजून फुगते.

पण गडावर चढून केवळ पराक्रम आठवू नका. भोवताली नजर टाका. हा गड इथे का? एका बाजूला माणदेश, एका बाजूला अग्रणीचे खोरे, पलीकडे विजापूरकडची सपाटी. पाणलोटाच्या माथ्यावर बसणाऱ्याला सगळ्या वाटा दिसतात. पाणी जिथून फुटते, तिथूनच वाटाही फुटतात. म्हणून गड तिथे.

या पठाराच्या उत्तर-पूर्वेला उतरणारी वाट आटपाडीला जाते. आटपाडी हा औंध संस्थानचाच एक तुटक तुकडा. तिथे संस्थानने १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली; भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शेती करून राहायचे. तिच्यावरून स्फुरलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढला, आणि त्याची कथा लिहिली ती याच मुलखातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी. वेळ असेल तर ती वाट जरूर धरा. आपल्याला मात्र आज दक्षिणेला, अग्रणीच्या संगतीने खाली जायचे आहे.

दुसरा दिवस उताराचा, आणि द्राक्षांचा. पळशी, पुढे सावळज आणि मग तासगाव, असे उतरत जाताना माळाचा रंग पालटतो. काल जिथे कुसळ होते, तिथे आज हिरवे मांडव. तारांवर चढवलेल्या वेली, त्यांखाली गार सावली, आणि सावलीत लोंबणारे घड. परदेशातला पाहुणा आला तर चकित होतो, कारण त्याच्याकडे द्राक्षवेल थंडीत झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडे तिला झोपायला थंडीच नाही. म्हणून आपल्या बागाईतदाराने वर्षातून दोनदा छाटणी करायची रीत बसवली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काडी तयार व्हावी यासाठी; आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, म्हणजे घड यावा यासाठी. छाटण्या दोन, पीक एक. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेला अवकाळी पावसाने गाठले की माणसाची झोप उडते. रात्री फवारणीच्या यंत्राचा आवाज ऐकू आला, तर समजा की आभाळ भरून आलेले आहे.

तासगाव भागात थॉम्पसन सीडलेस हे बिनबियांचे द्राक्ष रुजले, आणि त्यातूनच बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश हे वाण निवडून काढले. नावात तासगावही आले आणि तासगावचा गणपतीही आला. हा गणपती म्हणजे पटवर्धन घराण्याचे दैवत. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले हे देऊळ, त्याला दक्षिणेकडच्या पद्धतीचे उंच गोपुर आहे. कर्नाटकात मोहिमा केलेल्या सरदाराने तिकडचे शिल्प आपल्या गावी आणले. सायकल गोपुराच्या सावलीत लावा आणि थोडा वेळ बसा. रथोत्सवाच्या दिवशी हीच जागा माणसांनी फुललेली असते.

आता तासगावचा खरा चमत्कार पाहायचा असेल तर गावाबाहेर बेदाण्याच्या शेडकडे चला. द्राक्षे विशिष्ट द्रावणात बुडवून काढतात आणि जाळीच्या थरांवर पसरतात. वर छप्पर, बाजू मोकळ्या. पंधरा दिवसांच्या आसपास नुसत्या वाऱ्यावर ती सुकतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. याला लागते काय? तर कोरडी हवा. ज्या कोरडेपणापायी या मुलखाच्या पिढ्या घराबाहेर पडल्या, तोच कोरडेपणा इथे कामाला लावला आहे! द्राक्षाचा भाव पडला तर माल रस्त्यावर ओतावा लागे. बेदाण्याने शेतकऱ्याला थांबायची सवड दिली. तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात, देशभरचे व्यापारी येतात, आणि २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक निर्देशनाची मोहोर मिळाली.

आणि वाइन? द्राक्षांचा मुलूख म्हटले की हा प्रश्न येणारच. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले आणि दोन ठिकाणी वाइन पार्क ठरवले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरे आपल्या इथे पलूसला. कृष्णा व्हॅली वाइन पार्क असे त्याचे नाव. परंतु नाशिककडे हा धंदा जसा फोफावला तसा इकडे फोफावला नाही. खायचे द्राक्ष वेगळे, वाइनचे द्राक्ष वेगळे. एकाच्या बागेतून दुसरे काढता येत नाही. इथल्या बागाईतदाराचा हात बसला होता खायच्या द्राक्षावर आणि बेदाण्यावर, आणि त्याने तोच धरून ठेवला.

इटलीत टस्कनी नावाचा असाच डोंगराळ द्राक्षमुलूख आहे. तिथे गायोले या गावी १९९७ पासून दरवर्षी एक सायकलफेरी निघते. जुन्या सायकली, जुने पोशाख, आणि रस्ते ते पांढऱ्या मातीचे. ते कच्चे रस्ते डांबराखाली जाऊन नाहीसे होऊ नयेत, म्हणून ती सुरू झाली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगाल तर तो हसेल. “पाव्हणं, आमचा रस्ता कच्चा ऱ्हायला तर द्राक्षाचा टेंपो बाहेर कसा निघायचा?” असे तो विचारील, आणि त्याचे म्हणणे खोटे नाही, खड्ड्यात आदळलेला घड बाजारात कोणी घेत नाही. पण त्या फेरीतून एक गोष्ट मात्र आपण घ्यावी. आपला रस्ता, आपली टेकडी, आपले देऊळ हे पाहण्यासारखे आहे, असे तिथल्या लोकांना आधी स्वतःला वाटले. जग नंतर आले.

तिसरा दिवस परतीचा, आणि तो पुन्हा चढणीचा. तासगावहून पश्चिमेला येरळा ओलांडून पलूस, मग किर्लोस्करवाडी, मग कुंडल. या भागात पूर्वी सायकलवरून एका दिवसात दोन-तीन राज्ये ओलांडता येत, हे ध्यानात घ्या. तासगाव १८४८ पासून इंग्रजांच्या मुलखात. कुंडल औंध संस्थानात. आणखी थोडे खाली गेलात की सांगली संस्थान. इंग्रजी पोलिसांना संस्थानात शिरायला आडकाठी, आणि हे भूमिगतांच्या पथ्यावर पडले. १९४२ च्या ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोठा मोर्चा गेला आणि तिच्यावर तिरंगा लागला. पण ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला मोर्चांवर गोळ्या चालल्या, माणसे पडली. त्यानंतर चळवळीने डोंगराचा आसरा घेतला. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार उभे राहिले. गावोगाव न्यायदान मंडळे बसली, हुंड्याशिवाय, बडेजावाशिवाय लग्ने लागली. जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकाराने कुंडलला तुफान सेना तयार झाली, आणि ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची आगगाडी तिने लुटली. ही माणसे याच डोंगरांच्या कडेकपारीतून, याच ओढ्यांच्या काठाने रात्री फिरत. गडाचा उपयोग राजांना झाला तसा या टेकड्यांचा उपयोग शेतकऱ्यांच्या पोरांना झाला.

कुंडलच्या डोंगरावर पार्श्वनाथाचे जुने जैन क्षेत्र आहे. तिथून देवराष्ट्राकडे गेलात की सागरेश्वर लागते. चालुक्यांच्या परंपरेतल्या लहानमोठ्या दगडी देवळांचा तो सुंदर समूह, आणि त्याच्या वरचा डोंगर म्हणजे सागरेश्वरचे अभयारण्य. हे रान आपोआप आलेले नाही. बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडे लावून ते उभे केले, आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ व जन्मगाव. १९१३ च्या १२ मार्चला ते इथे जन्मले. पुढे कडेगाव. तिथले मोहरमचे उंचच उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून बांधतात, मिळून उचलतात, आणि ते पाहायला दुरून माणसे येतात.

कडेगावहून विट्याकडे येताना पुन्हा येरळा लागते. इथे वाट जरा वाकडी करून बलवडीला जा. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, आणि गिरणीत गेलेली खानापूर तालुक्याची पोरे गावी परतली. परतून पाहतात तो काय, गावात दुष्काळ आणि येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उचलून नेत आहेत. वाळू गेली की नदीचे पाणी धरून ठेवणारे अंगच जाते. मग मुक्ती संघर्ष चळवळीने बलवडी आणि तांदुळवाडी या गावांना जोडून घेतले. लोकांनी मागणी केली ती अशी : वाळू विकायची तर आम्ही विकू, आणि त्या पैशातून आमचे धरण आम्ही बांधू. शिक्षक, विद्यार्थी श्रमदानाला आले. अशा रीतीने बळीराजा धरण उभे राहिले. आणि वाटपाचा नियम तर त्याहून मोठा : पाणी जमिनीच्या हिशेबाने नव्हे, माणसांच्या हिशेबाने, ज्याला जमीन नाही त्यालाही त्याचा वाटा. धरण म्हणून ते लहानच आहे. मोटारीतून जाणाऱ्याला ते दिसायचेही नाही. पण भूपाळगडाइतकीच ती इतिहासाची जागा आहे, असे मी म्हणेन.

त्यानंतर मोठी पाणी परिषद झाली, ती आटपाडीला. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणून कृष्णेच्या पाण्याची मागणी लावून धरली. आज टेंभूजवळ कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने या पठारावर चढवले जाते. सायकलस्वाराला या गोष्टीचे मोल बरोबर कळेल. जो चढ चढताना आपला दम निघाला, तोच चढ पाणी चढते आहे! आपण खातो भाकरी, ते खाते वीज.

आणि वाचकहो, इथेच आजचा प्रश्न उभा राहतो. वर आलेले पाणी कोणाच्या वाट्याला? द्राक्षबाग ही देखणी, पण तहानलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरने विकत पाणी आणून बागा जगवल्या. ज्याला ते परवडले नाही, त्याची बाग गेली. बोअर खोल खोल चालली, शेजाऱ्याची विहीर आटली. पंपाचे वीजबिल कोणी भरायचे यावर वाद होतात. मांडवाखालची हिरवी सावली खरी आहे, आणि तिच्या पलीकडच्या वस्तीवरची रिकामी घागरही खरी आहे. बलवडीच्या माणसांनी याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. ते उत्तर मोठ्या योजनेला लागू करणे अवघड आहे खरे. पण ते विसरले तर मग आपण नुसते पाणीच वर चढवले असे होईल, माणूस नव्हे.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे. सायकल काढा, तिला तेल द्या, आणि या तीन दिवसांच्या फेरीला निघा. एकटे जाऊ नका, मित्र घ्या. जमल्यास गावचे एखादे जाणते माणूस घ्या. गडावर जा, देवळात जा, बागेत जा, बेदाण्याच्या शेडमध्ये जा. शेतकऱ्याच्या परवानगीवाचून घडाला हात लावू नका. तो स्वतः होऊनच ओंजळभर देईल. गावाच्या वेशीवर एखादा वीरगळ पडलेला दिसला तर तो उभा करायला गावकऱ्यांना सांगा. आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर पोचलात की सायकल थांबवा, पाण्याची बाटली तोंडाला लावण्यापूर्वी चहूकडे पाहा आणि एकच प्रश्न विचारा : इथे पडलेले पाणी कुठे जाते, आणि ते कोण पिते? या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्याला विट्याच्या मुलखाचा इतिहास समजला असे खुशाल समजावे.